डिसेंबरचा माणूस

९ ऑक्टोबर

पाच आठवडे. डॉक्टरांनी पाच बोटं दाखवून सांगितलं, जसं काही मला आकडे कळत नाहीत. उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात. फेरीबोटीवर तिकिटं फाडायची नोकरी चांगली चालली होती, पण धक्क्यावर एक कुत्रं पाण्यात पडलं, ते बघायला मी वाकले, आणि मग आम्ही दोघंही पाण्यात. कुत्रं पोहून गेलं.

तर मी परत घरी. आई खूश आहे असं वाटतं. तिच्या तोंडात कायम टाचण्या असतात, त्यामुळे नक्की कळत नाही. ती शाळेचे गणवेश शिवते. बाबा निवृत्त. तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासली. शिशाच्या खिळ्यांनी छपाई व्हायची त्या काळी उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचायचे, अजूनही आरशातली पाटी पटकन वाचून दाखवतात. आता घरी बसून काय करणार, तर कॅलेंडर.

बारा महिने, बारा माणसं, सगळी आमच्या आडनावाची. दर पानावर एक फोटो, खाली तारखा. नात्यातलं कोणीही नाही. नुसतं आडनाव एक. (आडनाव इथे लिहीत बसत नाही, वही माझीच आहे, मला माहीत आहे.) छापखान्याच्या मालकांनी जुन्या ओळखीखातर छापून देतो म्हटलंय.

बाबा म्हणाले, "आता बसलीच आहेस तर समितीचं काम बघ."

"कसली समिती?"

"कॅलेंडर समिती."

समितीत बाबा, मी आणि प्लास्टर.

१२ ऑक्टोबर

बाबांकडे कात्रणांचे सात जाडजूड गठ्ठे आहेत. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा वर्तमानपत्र कापून वाचतात. आमच्या आडनावाचं कोणी काही केलं की कात्री. पुलाचे इंजिनियर, हृदयाचे सर्जन, समुद्राच्या तळाचे नकाशे काढणाऱ्या बाई, लांब उडीवाला, एक न्यायाधीश. आपण कोणीच नाही म्हणून दुसऱ्यांच्या थोरपणाला आडनावाची दोरी बांधून ओढत आणायचं! मी तसं बोललेही. बाबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अनुस्वार बघ, नोव्हेंबरवरचा गेलाय."

प्रत्येकाला एक प्रश्नावली जाते. पहिले तीन प्रश्न शहाण्यासारखे आहेत. मग चौथा: लहानपणी आपण कुठे राहत होतात? सहावा: आपण डावखुरे आहात काय? नववा: आपल्याला धाकटा भाऊ आहे काय?

"सर्जन डावखुरे आहेत की नाहीत हे भिंतीवर टांगायचंय का?"

"माहिती संपूर्ण असावी."

"मग थोरल्या भावाचं का नाही विचारत? बहिणीचं?"

"तू पाकिटं चिकटव."

चिकटवली. डिंकाची चव अजून जिभेवर आहे.

१५ ऑक्टोबर

अकरा महिने ठरले. जानेवारी ते नोव्हेंबर एका दुपारी ठरले, कोणाबद्दल वाद नाही. घोडं अडलंय डिसेंबरवर.

मी पहिल्यांदा बुद्धिबळ शिकवणाऱ्या आजींचं नाव सुचवलं. पंचाऐंशी वर्षांच्या, अजून आठ पटांवर एकदम खेळतात. "उत्तम," बाबा म्हणाले, "त्यांना ऑगस्टमध्ये घाल, लांब उडीवाल्याला काढू. डिसेंबर नको." मग भूकंप मोजणारा तरुण: "फार लहान." मग व्यंगचित्रकार: साठीचा, पुरुष, फोटोत हसतोय. बाबांनी भिंग काढलं, फोटो खिडकीशी नेला, इकडून बघितला, तिकडून बघितला. पंधरा मिनिटं. मग टेबलावर उलटा ठेवला.

"उजव्या हाताने काढतो."

"मग काय झालं?"

"डिसेंबरला नाही बसत."

आईने शिवणयंत्र थांबवलं, बाबांकडे बघितलं आणि परत सुरू केलं. या घरात मला कोणी काही सांगत नाही, हे मी सहा वर्षांची असल्यापासून लिहून ठेवायला हवं होतं.

प्लास्टरच्या आत खाज येते. विणायची सुई आत गेली आणि अर्धी आतच राहिली. आईने चिमट्याने काढली. त्यात सगळी दुपार गेली.

१८ ऑक्टोबर

अक्कल लढवली. वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली: "या आडनावाच्या थोर व्यक्तींनी आपली माहिती पाठवावी. कॅलेंडर समिती." पत्ता छापखान्याचा. एका आठवड्यात डिसेंबर सापडेल, छपाई होईल, प्लास्टर निघेल, मी मोकळी. उत्तरेच्या डोंगरात एका रोपवाटिकेत माणसं हवी आहेत म्हणे.

बाबांनी जाहिरात दोनदा वाचली. मग म्हणाले, "हे मला इतकी वर्षं का नाही सुचलं?"

चला, एकदा तरी कौतुक झालं.

२४ ऑक्टोबर

देवा!

थोर माणसं इतकी असतात हे मला माहीत नव्हतं. छापखान्याचा शिपाई पोतं घेऊन आला. एका गृहस्थांनी सलग एकोणीस वर्षं रोज थंड पाण्याने आंघोळ केली आहे. एकजण कोणालाही न सांगता कविता करतो. एका बाईंनी नवऱ्याबद्दल लिहिलंय की ते थोर नाहीत, पण निदान तसं पत्र आलं तर सुधारतील.

पहिलं पत्र बाबांच्या हाती लागलं आणि त्यांनी थंड पाण्यावाल्याला दोन पानी उत्तर लिहिलं, आभार, शुभेच्छा, तब्येतीची चौकशी. एवढ्या वेगाने पुढच्या वर्षाचं कॅलेंडर त्याच्या पुढच्या वर्षी निघेल. म्हणून मी आता आधी गाळते आणि उरलेलं त्यांच्याकडे देते. आत्तापर्यंत उरलेलं: शून्य. बाकीच्यांसाठी मालकांकडून पन्नास कार्डं छापून घेतली. मजकूर माझा: "आपण पाठवलेल्या माहितीबद्दल आभार. आपण आमच्या निकषांत बसत नाही, क्षमस्व." खाली समितीचा गोल शिक्का. शिक्क्याने फार रुबाब येतो.

२७ ऑक्टोबर

आजचा नमुना इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की मी उगीच चिडते.

"समितीस नमस्कार. मी थोर नाही. मी वजनकाटे दुरुस्त करतो. आपली जाहिरात ज्या कागदात खिळे बांधून आले त्यावर वाचली. मला एक धाकटा भाऊ आहे, म्हणजे असेल. फार हुशार. दुकानांच्या पाट्या उलट्या बाजूने वाचायचा. त्याने नाव काढलं असणारच, त्यामुळे तो आपल्या बारांत असेल. तर तो आहे का, आणि असला तर कोणत्या महिन्यात, एवढंच कळवावं. कॅलेंडर मी विकत घेईन. त्याला माझ्याबद्दल सांगण्याची गरज नाही."

सही म्हणून नुसतं आडनाव. भावाचं नावही दिलेलं नाही, आणि मी ओळखायचं! अक्षर मागे झुकलेलं, शाई सगळीकडे फासलेली, जणू लिहिता लिहिता हातानेच पुसत गेलाय. आणि ही काय हरवलेल्या माणसांची कचेरी आहे? आम्ही थोर माणसं शोधतोय, लोकांचे भाऊ नाही.

कार्ड पाठवलं. शिक्का जरा जोरातच मारला.

५ नोव्हेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. खाज, पाकिटं, खाज.

आज बाबांशी कडाक्याचं भांडण झालं. मालकांनी निरोप दिला, पंधरा तारखेपर्यंत मजकूर द्या, नाहीतर यंत्रं दुसऱ्या कामाला लागतील. मी म्हटलं, डिसेंबरला व्यंगचित्रकार टाका आणि सुटा. बाबा म्हणाले, नाही. मग डिसेंबर कोरा सोडा. बाबा म्हणाले, "कोरा सोडायला चालेल."

"चालेल? मग महिनाभर माझ्या डोक्याचा भुगा कशाला केलात?"

"तू कधी एका जागी बसून कोणाची वाट बघितली आहेस का गं?"

"मी? मला पाय मोडावा लागतो बसायला!"

ते हसले नाहीत. "एवढ्या पत्रांत खरंच कोणी नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"आंघोळवाले होते."

१४ नोव्हेंबर

प्लास्टर निघालं. आतला पाय माझा वाटत नाही, भिजलेल्या पावासारखा दिसतो.

दवाखान्याच्या बाकावर आई शेजारी बसली होती. मी म्हटलं, उद्या निघते, रोपवाटिकेत. आईच्या तोंडात आज टाचण्या नव्हत्या.

"पत्ता देऊन जा," ती म्हणाली.

"नेहमी देतेच की. बाबा दारात अडवून लिहून घेतात."

"का घेतात, कधी विचारलंस?"

आणि मग सांगितलं. आवाज न चढवता, समोरच्या भिंतीकडे बघत, मापं सांगावीत तसं. बाबांना एक मोठा भाऊ होता. दादा. चार वर्षांनी मोठा, डावखुरा. आजोबा अख्ख्या गल्लीला सांगायचे, हा आपल्या आडनावाचं नाव काढणार. दादा शेवटच्या परीक्षेत नापास झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेला. कोणी हाकललं नाही, कोणी थांबवलंही नाही. आजोबांनी त्याचा विषय बंद केला तो कायमचा. बाबा तेव्हा चौदा वर्षांचे. त्यांनी मनाशी ठरवलं की दादा गेलाय म्हणजे कुठेतरी जाऊन मोठाच झाला असणार, आणि मोठा झाला म्हणजे छापून येणारच. तेव्हापासून कात्री.

"चव्वेचाळीस वर्षं," आई म्हणाली. "मी एकदा म्हटलं, अहो, साधाच असेल कुठेतरी. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

मी विचारलं, साठीच्या आसपासचा असेल ना आता? ती म्हणाली, बासष्ट.

मग मला घाम फुटला. आईला वाटलं पाय दुखतोय.

१५ नोव्हेंबर

पत्र नाही. नाकारलेली सगळी पत्रं मी गठ्ठा बांधून रद्दीत दिली होती, स्वतःच्या हाताने, वर दोरीला छान गाठ मारून. रद्दीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, गेल्या आठवड्याचा माल आता पुठ्ठा झाला असेल.

या वहीत उतरवून ठेवलंय तेवढंच आहे. त्यात पत्ता नाही! शहाणपणा दाखवायला पत्र उतरवलं आणि पत्ता सोडला! पाकिटावरचा टपालाचा शिक्का मात्र डोळ्यांसमोर आहे, कारण तो वाचण्यात मी पाच मिनिटं घालवली होती: धरणाच्या खालचं ते गाव, जिथे मागच्या वर्षी मला चुकीच्या बसने नेऊन सोडलं होतं. गाव नाही, चांगलं मोठं शहर आहे.

बाबांना सांगितलं नाही. काय सांगू? तुमचा थोर भाऊ काटे दुरुस्त करतो, आणि मी त्याला निकषांत बसत नाही म्हणून कळवलं? त्यांनी डिसेंबर कोरा सोडून मजकूर छापखान्यात दिला. येताना वर्तमानपत्र आणलं, कात्री घेतली आणि बसले.

उद्या पहाटेची बस. पत्ता विचारला तर काय लिहून देऊ?

१६ नोव्हेंबर

पाच तास बस. पाय सुजून दुप्पट. मी असल्या शहरांत हिंडण्यात तरबेज आहे, कामधंद्यातच तेवढी कच्ची, त्यामुळे मंडईत शिरून सरळ वजनकाटे बघायला लागले. प्रत्येक काट्यावर तपासणाऱ्याची चिठ्ठी चिकटवलेली असते, तारीख आणि नाव. तिसऱ्याच काट्यावर आमचं आडनाव. बटाटेवाली म्हणाली, "काटेवाले काका? बस आगाराच्या मागे, किल्लीवाल्याला लागून. पण भाव करू नकोस हां, लगेच गप्प होतात."

दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की भरलं. भिंतीला तबकड्या, स्प्रिंगा, पितळी वजनं उतरत्या क्रमाने. खाली बसून डाव्या हाताने स्क्रू फिरवणारा माणूस. मागून मान बघितली तर बाबाच. मी आत जायच्या आधी दोनदा किल्लीवाल्याकडच्या किल्ल्या मोजल्या.

"काका, मी कॅलेंडर समितीतून आले."

त्यांनी हात पुसले. खणातून कार्ड काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं. "तुमचं उत्तर आलं की. शिक्कासुद्धा आहे. मी बसतो म्हटलंच नव्हतं, बाळ. मी फक्त त्याचा महिना विचारला होता."

"त्याचा महिना नाही," मी म्हटलं. "तो कॅलेंडर काढणारा आहे. माझे बाबा."

स्क्रू खाली पडला. त्यांनी तो शोधला नाही.

मग विचारलं, "मोठा झाला ना?"

"मुद्रितं तपासायचे. आता निवृत्त. थोर वगैरे नाहीत, काका. अनुस्वारांवरून डोकं खातात."

त्यांनी भिंतीजवळचं एक पितळी वजन उचललं आणि परत जागेवर ठेवलं. मला वाटलं, निराश झाले. मग म्हणाले, "आणि तो मला कुठे शोधत होता?"

"वर्तमानपत्रात. सर्जन, न्यायाधीश, इंजिनियर..."

"बघ," ते म्हणाले. "आणि मी हा. तू जा. सांग, सापडला नाही."

"पण काका..."

"समितीने बरोबर लिहिलंय. दुसऱ्याचं चुकीचं वजन मी खपवून घेत नाही, स्वतःचं कसं घेऊ?"

मी रडले, भांडले, पाय दाखवला. उपयोग नाही. बाबांचाच हट्टीपणा, फक्त डाव्या हाताचा. शेवटी आगाराच्या फोनवरून घरी फोन लावला आणि बाबांना सगळं सांगितलं, कार्डासकट. मग म्हणाले, "पत्ता लिहून घेतो. थांब, पेन्सिल." मी वाट बघत होते की ते विचारतील, काय करतो, कसा दिसतो, साधा आहे का. त्यांनी विचारलं, "बस किती वाजता पोचते?"

१७ नोव्हेंबर

हे किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसून लिहितेय. माझ्या डोक्याला ताप झालाय.

अकराच्या बसने बाबा आले, इस्त्रीचा सदरा घालून, हातात काही नाही. काल संध्याकाळीच मी काकांना सांगून ठेवलं होतं, आणि दुकान बंद! किल्लीवाला म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी कुलूप लावलं आणि काही न बोलता गेले." पळाले! चव्वेचाळीस वर्षांपूर्वी पळाले आणि आज परत पळाले. मी बाबांना म्हटलं, चला, पुढच्या बसने जाऊ. ते दुकानाच्या पायरीवर बसले. "येईल," म्हणाले.

तासभर बसलो. समोरचं सलूनही नमुनेदार. एक गिऱ्हाईक तोंडभर फेस लावून, गळ्यात टॉवेल घालून तेव्हापासून तसंच बसलंय, खुर्ची रस्त्याकडे वळवून, आणि न्हावी खुशाल वर्तमानपत्र वाचतोय. असा धंदा केल्यावर कोण येणार! बाबांना दाखवलं. बाबांनी एकदा बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

तेवढ्यात एक फळवाली तबकडीचा काटा घेऊन आली. "काका नाहीत? दोन सफरचंदांत किलो दाखवतोय मेला, गिऱ्हाइकं मारायला उठतात."

"द्या इकडे," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्हाला काय येतं त्यातलं?"

"तू गप्प बस." त्यांनी किल्लीवाल्याकडून पेचकस मागून घेतला, काटा मांडीवर घेतला आणि मागचं झाकण उघडलं. आत बघितलं. मग पेचकसाचं टोक स्प्रिंगेत अडकवलं आणि, मी शपथेवर सांगते, बाबांनी आयुष्यात अडकलेला खणही कधी ओढला नसेल इतक्या जोरात ओढायला सुरुवात केली. बघत होते मात्र समोरच्या सलूनकडे.

"अरे गाढवा!"

फेसवाला रस्ता ओलांडून धावत आला, टॉवेल उडतोय, एका गालावरचा फेस ओघळलेला. "स्प्रिंग ओढतात का अशी? ताणली की गेली कायमची! सोड! सोड म्हणतो ना!"

बाबांनी सोडली नाही. "मग दाखव ना कसं ते, दादा."

काकांनी काटा हिसकावून घेतला. बसले पायरीवर, बाबांच्या शेजारी, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. डाव्या हाताने स्प्रिंग मोकळी केली. फेसाचे थेंब तबकडीवर पडत होते आणि ते बाहीने पुसत होते, काटा आधी, मग डोळे. बाबा म्हणाले, "मला वाटायचं तू पूल बांधत असशील." काका म्हणाले, "पेचकस असा नाही धरत. असा."

न्हावी वस्तरा घेऊन दारात उभा. फळवाली विचारतेय, "झाला का हो?" मला कोणी काही विचारत नाही. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, हेही कोणाच्या लक्षात नाही. दोनची बस गेली. तीनची गेली. मधे मी पाव शोधायला गेले, वाटेत एक माणूस छत्र्या रंगवत होता तो बघत बसले, परत आले तर हे दोघे तिथेच. तो एक काटा दोघांनी मिळून दोनदा उघडला आणि दोनदा बंद केला. चारचीही गेली.

गिऱ्हाइकं यायला लागलीत. प्रत्येकजण बाबांकडे बघून विचारतो, "हे कोण, काका?"

आणि काका प्रत्येकाला, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगतात, "माझा धाकटा भाऊ. याला कशातलं काही कळत नाही."